धुतलेली तिकिटं

दाजींना हल्ली तिकिटांचा कंटाळा आला होता, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. कोर्टातली कारकुनी संपल्यावर माणसाने देवदेव करावा, निदान माडांना आळी तरी करावीत. यांनी जगभरची पोस्टाची तिकिटं जमवायला घेतली. बघता बघता जाडजूड आल्बम झाला आणि आता तो आवरता आवरेना. मोठ्या लढाईनंतर कुठला देश कुठे गेला याचा पत्ता नाही, त्यामुळे पानं उसवायची नि नव्याने लावायची. लावली की पावसाळ्यात त्यांना बुरशी. डोळे गेले, पाठ गेली, हौस तर केव्हाच गेली. तरी ते रोज भिंग घेऊन बसत. नाही बसलं, तर इतकी वर्षं आपण केलं काय, असं मनात येई आणि ते त्यांना सोसत नसे.

जग त्यांच्या ओटीवर आपल्या पायांनी चालत येई. मांडवीकडच्या कितीतरी बायकांची माणसं आगबोटींवर खलाशी होती. पत्र आलं की बायका ते दाजींकडे आणत. दाजी वाचून दाखवत, उत्तर लिहून देत आणि मोबदला म्हणून पाकिटावरचं तिकीट कापून घेत. सगळ्यांत जास्त तिकिटं चिमाची. तिचा नवरा बाबल्या झांजिबार, पोर्ट सैद, कोबे, कुठून कुठून पत्र धाडी. आल्बमची निम्मी शोभा त्याच्यामुळे होती.

मात्र तिकीट घरात यायचं तर आधी मथुराबाईंच्या हाताखालून जायचं. "कुणाकुणाच्या जिभा लागलेल्या. हे उष्टं माझ्या घरात नको," असं त्यांनी नवऱ्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ओटीच्या कडेला मातीचं एक परळ ठेवलेलं असे. त्यात तिकीट भिजायचं, मागचा डिंक बोटाने चोळून काढायचा, पाणी दोन-तीनदा बदलायचं, मग ते आत. दाजींचीही तक्रार नव्हती, तिकीट धुवावं लागतंच. वाळलं की डिंक लावलेल्या कागदाची बारीक पट्टी स्वतःच्या जिभेवर ओली करून ते तिकिटामागे लावत आणि पानावर बसवत.

चौतीस साली, पाऊस सरता सरता, चिमा पत्र घेऊन आली. ते बाबल्याचं नव्हतं, कंपनीचं होतं. आगबोट वादळात बुडाली, माणसं हाती लागली नाहीत. दाजींनी ते आधी मनात वाचलं आणि मग एकेक शब्द करत तिला वाचून दाखवलं. त्या पाकिटाला त्यांनी कातरी लावली नाही.

थोड्या दिवसांनी ती पुन्हा आली. हात रिकामे होते. नेहमीसारखी पायरीशी टेकली नाही, अंगणात उभीच राहिली.

"दाजी, भटजी म्हनतात दर्भाचा पुतळा करून त्येला अग्नी द्यायचा. त्या पुतळ्यात त्येंचा कायतरी घालूचा हाय मला. कपडा न्हाय, लत्ता न्हाय, सगला बोटीवर."

"पत्रं आहेत की."

"आक्षर दुसऱ्याचा. बोटीवरचा कोनतरी लिवून द्यायचा. तिकीट मातर हे सोता जिबेला लावून चिकटवायचे. घरी आले की सांगायचे, चिमे, कागद त्येचा, थुंकी तेवडी माजी." तिने ओंजळ पुढे केली. "माजी तिकिटा द्या. असल ना वो अजून त्येंची थुंकी?"

तिकिटं धुतली, एवढंच दाजींनी सांगितलं असतं तरी ती निमूट परत गेली असती आणि आल्बम शाबूत राहिला असता. वर ते खरंही होतं. थुंकी होती ती त्या पट्ट्यांना, आणि ती दाजींची स्वतःची. पुतळ्यात जळेल ते आपलंच, हे मनात येऊन त्यांना शरमल्यासारखं झालं. मथुराबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आहे," ते म्हणाले.

मथुराबाईंनी आत जाऊन आल्बम आणला. "मी पान धरते," त्या म्हणाल्या, "तुम्ही हलक्या हाताने काढा. फाटतील."

कुठलं तिकीट कुणाचं, हे दाजींना पाठ होतं. एक एक निघत गेलं. जपान गेला, मिसर गेलं, झांजिबार गेलं. काढताना वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ओझं उतरल्यासारखंही वाटत होतं. मथुराबाईंनी तिकिटं केळीच्या पानात बांधली. एरवी अंगणातल्या माणसाला त्या काही द्यायचं तर वरूनच सोडत. आज पायऱ्या उतरल्या आणि पुडी चिमाच्या हातात ठेवली. चिमाने ती डोळ्यांना लावली आणि तशीच समुद्राकडच्या वाटेला लागली.

त्यानंतर दाजींनी आल्बम उघडला नाही.

दिवाळीनंतर भागूबाई आपल्या मुलाचं पत्र घेऊन आली. तोही खलाशी. दाजींनी वाचून दाखवलं, उत्तर लिहिलं. सवयीने तिने पाकीट पुढे केलं. त्यावर हिरवं टपोरं तिकीट होतं, ज्या देशाचं पान दाजींकडे पहिल्यापासून कोरं होतं त्या देशाचं. दाजींनी ते भिंगाशिवायच थोडा वेळ पाहिलं आणि पाकीट तिला परत दिलं.

"तुझ्याकडेच राहू दे."

"मला क्याला? मी काय करू त्येचा?"

"ठेव," दाजी म्हणाले. "आणि त्याला पाणी लागू देऊ नकोस."