केसांची राखण

सुदेशने केस वाढवले ते रवींद्रच्या चित्रपटासाठी, आणि ते कापले नाहीत तेही त्याच चित्रपटासाठी. कळव्याच्या खाडीकाठी मिठागर राखणाऱ्या एका तरुणाची ती गोष्ट होती; तरुण सुदेश होता आणि दिग्दर्शक रवींद्र. कल्याण-डोंबिवलीतली काही मित्रमंडळी मानधन न घेता, उसन्या कॅमेऱ्यावर, केवळ रविवारी ती चित्रित करीत असत. शेवटचा एक प्रसंग उरला आणि नेमके तेव्हाच नायिका क्षिप्रा हिला ठाण्यात एका दैनंदिन मालिकेत काम मिळाले. तिला रविवार मोकळा मिळेना. प्रसंग अडला, आणि त्याच्याबरोबर सुदेशच्या खांद्यावरच्या जटा व छातीवरची दाढीही अडली.

तो डोंबिवलीत चष्म्याच्या दुकानात नोकरीला होता. गिऱ्हाईक बिचकते म्हणून मालकाने त्याला काउंटरवरून उठवून मागच्या खोलीत काचा घासायला बसवले. केस कापून टोप लावला तर भागेल का, असे त्याने एकदा विचारून पाहिले. तेव्हा कॅमेऱ्यापुढे टोप कसा उघडा पडतो, यावर रवींद्रने त्याला सविस्तर व्याख्यान दिले. सुदेशने मध्येच काम सोडले तर इतक्या जणांचे इतके रविवार मातीत जातील, हे रवींद्र कधीच बोलला नाही. आणि न बोललेल्या गोष्टीला सुदेशला उत्तर देता येत नव्हते.

अशात त्याचे वडील महिपत अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी आशा सोडली. शहाडच्या त्या दोन खोल्यांत रवींद्र रोज संध्याकाळी येई, प्रकृतीची चौकशी करी, आणि चौकशी करताना त्याची नजर सुदेशच्या डोक्याकडे वळे. बाप गेला की मुलाचे मुंडण होणार, हे दोघेही जाणून होते. रवींद्रला ज्याची धास्ती होती, त्यातच सुदेशला सुटका दिसली. कोणालाही नकार न देता तो मोकळा होणार होता. हा विचार मनात आला की वडिलांना पाणी पाजतानाही त्याला स्वतःची किळस येई.

महिपत तरुणपणी गावच्या नमनाच्या खेळात सोंग घेऊन नाचलेले. अपुऱ्या खेळाचे दुःख त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते. एका संध्याकाळी त्यांनी धाकटा भाऊ विश्राम याला उशाशी बसवले.

“माझ्या मागं सुदेशच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. त्याच्याऐवजी तू केस काढ, विश्राम. पोराचं काम अर्ध्यावर नको राहायला.”

“बाबा, असं नका बोलू,” सुदेश म्हणाला.

“गप रे. विश्राम, शब्द दे.”

विश्रामने शब्द दिला. रवींद्र भिंतीकडे तोंड करून डोळे पुसू लागला. सुदेशने वडिलांचे पाय घट्ट धरले. सर्वांना ती कृतज्ञता वाटली.

महिपत गेले. दहाव्याला उल्हास नदीच्या काठी विश्रामचे मुंडण झाले. न्हाव्याने वस्तरा पुसला, तोच सुदेश पुढे जाऊन बसला आणि त्याने मान खाली घातली.

विश्रामने त्याचा दंड धरला. “ऊठ. दादाला शब्द दिलाय.”

“काका, मला तो पिक्चरच नकोय.”

हे त्याने आयुष्यात प्रथमच उच्चारले होते. विश्रामने मात्र जमलेल्यांकडे पाहिले आणि दुःखात माणूस काहीही बोलतो, असे म्हणून त्याला उठवले. रवींद्र धावत आला, त्याने सुदेशला मिठी मारली. क्षिप्राला याही महिन्यात सुटी नाही, असे त्याने हलक्या आवाजात सांगितले. परंतु त्या आवाजात कित्येक दिवसांनी स्वस्थता होती.

“असू दे,” तो म्हणाला. “आता आपल्याला घाई नाही.”