वेणूबाईंच्या पडवीवरचा पत्रा

मी एक जुना सिमेंटचा पत्रा आहे. मित्रांनो, अंबरनाथला वेणूबाईंच्या मागच्या पडवीवर मी बत्तीस वर्षं पडून होतो. तरी मला कुणी आळशी म्हटलं नाही, कारण आमचं कामच पडून राहण्याचं!

कारखान्यात ओल्या लगद्यातून माझ्या अंगावर नागमोडी वळणं उठली. मी आणि माझी तीन भावंडं टेम्पोतून आलो, तेव्हा वेणूबाईंनी आम्हाला हळदकुंकू लावलं. तोवर त्यांच्या पडवीला ताडपत्रीच होती. पुढे मी ऊन झेललं, पाऊस झेलला, शेजारच्या पोरांचे चेंडूही झेलले. दर मे महिन्यात वेणूबाई शिडी लावून तारेच्या ब्रशने माझ्यावरचं शेवाळ खरवडत, मग लुगडं अंथरून पापड वाळत घालत. "माझा पत्रा म्हणजे पोलाद," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी मनातल्या मनात फुगायचो. त्या खरवडण्यात चूक होते आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

यंदा पडवीवर स्लॅब टाकायचं ठरलं. जुने पत्रे बारवी धरणाकडच्या आण्णांना, म्हणजे आपल्या थोरल्या भावाला, बकऱ्यांच्या गोठ्यासाठी द्यायचे, असा शब्द वेणूबाईंनी दिला होता. चांगली वस्तू टाकायची नाही, ही त्यांच्या माहेरची रीत. म्हातारपणी पुन्हा काम मिळणार म्हणून मीही खुशीत होतो.

अवधूत मिस्त्री वर चढला. गंजलेले बोल्ट काही हलेनात.

"काकी, बोल्टाभोवती जरा फोडतो. दोन मिनटांचं काम!"

त्याने हातोडा उचलला, तोच वेणूबाईंची सून सुरुची अंगणात धावत आली. ती एका कारखान्यात कामगारांच्या सुरक्षेचं काम बघते.

"अवधूतदादा, थांबा! यात अ‍ॅस्बेस्टॉस असेल."

"वहिनी, असे शंभर पत्रे फोडलेत. मला काय झालं?"

"लगेच नाही कळत, वीस-तीस वर्षांनी कळतं. याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात, त्यातून कॅन्सरही होतो. नुसतं बघून सांगता येत नाही. तपासेपर्यंत आहे असंच धरायचं."

अवधूत हातोडा पिशवीत टाकून उतरला. काम थांबलं. प्रयोगशाळेच्या माणसाने मला ओलं करून नखाएवढा तुकडा नेला. बारा दिवसांनी कागद आला. माझ्या पोटात खरंच तो तंतू होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नेमके त्याच दिवशी आण्णा टेम्पो घेऊन हजर. वेणूबाईंनी कागदाचं सांगितलं, तर ते हसले.

"अगं वेणू, माज्या बकऱ्या काय कागद वाचतान?"

"गोठ्याच्या मापाने तू हा कापणार ना?"

"कापनारच. कटर आनलाय."

"मग मी देत नाही."

"शब्द दिलावतास तू!"

"दिला होता. आण्णा, तू रुसलास तर मी तुझी समजूत काढीन. पण तुझ्या छातीत काही बसलं, तर ते मला काढता येईल का?"

आण्णा चहा न घेता निघून गेले. वेणूबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. मित्रांनो, थोरल्या भावाला दिलेला शब्द मोडणं सोपं नसतं. त्या दिवशी मला माझ्या मालकिणीचा फार अभिमान वाटला.

आठवड्याने या कामाची माहिती असलेली माणसं मास्क लावून आली. घरातल्या सगळ्यांना त्यांनी लांब उभं केलं. आम्हाला भिजवून, न फोडता, अलगद उतरवलं आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलं.

"इतकी वर्षं मी हाताने खरवडलं गं," वेणूबाई पुटपुटल्या.

"आई, ते डॉक्टरांना सांगून ठेवू. आता पुढे नको," सुरुचीने त्यांचा हात धरला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "वेणू, कटर परत दिला मी. चाय ठेव." आण्णा फाटकाशी उभे होते.

आता मी अशा कचऱ्यासाठी राखलेल्या जागेत मातीखाली आहे. माझी कितीतरी भावंडं अजून तुमच्या घरांवर आहेत. ती धड असतील तर तशीच राहू द्या. त्यांना खरवडू नका, भोकं पाडू नका, फोडू नका. उतरवायची वेळ आली, तर जाणत्या माणसाला बोलवा. आणि मायेपोटीसुद्धा ती कुणाला देऊ नका.

माझं काम पूर्वीचंच आहे, पडून राहण्याचं. फक्त आता मी कुणाच्या डोक्यावर नाही.