सोमवारचा पोंपों
अक्षयाच्या कंपनीत मालक दोन आणि नोकर शून्य. एक ती, दुसरा संदेश, तिचा कॉलेजातला मित्र. पुण्यातली सहा वर्षांची नोकरी सोडून ती रत्नागिरीला परत आली, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत गाळा घेतला आणि दोघांनी साबणाच्या वडीएवढं एक यंत्र बनवलं. सलाईनच्या बाटलीला ते अडकवायचं. बाटली संपत आली की ते ओरडणार. काम सोपं. पण सोप्या कामाला कागद किती लागतात हे कळेपर्यंत संदेशचे केस विरळ झाले.

आता घोडं अडलं होतं रेणुका डॉक्टरांपाशी. त्यांच्या बारा खाटांच्या दवाखान्यात यंत्र महिनाभर चालवायचं. अहवाल चांगला आला तर कंपनी पुढे जाणार. नाही आला तर गाळ्याला कुलूप आणि अक्षया पुन्हा पुण्यात.

पहिल्याच सोमवारी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. "अगं, तुझं यंत्र बोंबलत होतं आणि कुणी फिरकलं नाही! नळीत रक्त चढायला लागलं होतं. नशीब, सिस्टर फेरीला आली म्हणून पेशंटला काही झालं नाही. बुधवारपर्यंत काय ते बघ, नाहीतर घेऊन जा."

दोघं तसेच धावले. वॉर्डातल्या रिकाम्या खाटेशी त्यांनी संपत आलेली बाटली लटकवली. पों-पोंऽ, पों-पोंऽ. यंत्र अगदी इमानदारीत ओरडलं. फरशी पुसणाऱ्या सावित्रीमावशींनी मानसुद्धा वर केली नाही. खिडकीकडे तोंड करून त्या खेकसल्या, "बाबू, किती येळा सांगू रे तुला! आज सोमवार हाय, मासं कोन खानार? फुडं जा!"

संदेश बाकावर बसून पोट धरून हसला. अक्षयाचा चेहरा मात्र उतरला.

बाबू म्हणजे मासेवाला. रोज त्याची स्कूटर फाटकाशी यायची आणि हॉर्न वाजायचा, अगदी हाच. यंत्रासाठी चाळीस आवाज ऐकून तिनेच हा निवडला होता. "हा ऐकला की कसं आपलं वाटतं," म्हणाली होती. वाटणारच! लहानपणी हा हॉर्न वाजला की आई ताट घेऊन पुढे आणि ही मागे. सहा वर्षं पुण्यात घराची आठवण काढत बसली आणि शेवटी तीच यंत्रात भरली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं.

"बाबूलाच हॉर्न बदलायला सांगू," संदेश म्हणाला. बाबूने ऐकून घेतलं. "ह्यो हॉर्न माझ्या बापसाचा. बदलला तर माझा बांगडा कोन घेईल? तुमचाच बदला." बोलणं चोख होतं.

मग वॉर्ड ऐकतो तरी कुणाचं? सावित्रीमावशींचं! अक्षयाने मावशींना सामानाच्या खोलीत नेलं आणि मोबाईल पुढे धरला. "मावशी, सलाईन संपलं की रोज ओरडता तसं ओरडा. यंत्रात भरायचंय."

"इश्श! अशी मुद्दाम वरडू कशी?" म्हणत त्यांनी पदर सावरला, आणि मग असा काही आवाज लावला की कपाटातल्या बाटल्या थरथरल्या. आवाज बदलला म्हणजे तपासणीचे कागद पुन्हा भरायचे. संदेशने उरलेल्या केसांवरून हात फिरवला.

बुधवारी डॉक्टरांसमोर बाटली संपत आली.

"सलाईन सपलं गो! धावा, बायांनो!"

दोन सिस्टर धावल्या, तीन नातेवाईक धावले, प्लास्टरमधला एक पेशंट उठून बसला. आणि न्हाणीघरातून खुद्द सावित्रीमावशी धावत आल्या. "कोन गो माज्या आवाजात वरडतंय?"

डॉक्टरांना हसता हसता चष्मा पुसावा लागला. "महिनाभर चालू दे. असंच चाललं तर अहवालाची काळजी नको."

तेवढ्यात पों-पोंऽ वाजलं. सगळ्यांनी दचकून यंत्राकडे पाहिलं. ते गप्प होतं. अक्षयाला काही विचारावं म्हणून डॉक्टर वळल्या, तर ती जागेवर नव्हती. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातलं ताट उचलून ती कधीच फाटकाशी पोचली होती. बुधवार होता ना.