मुखारीला मुहूर्त नाही

“अरे, देवळाच्या रस्त्याकडे तोंड कर त्याचं! नारळांना गाणी ऐकवायची आहेत का तुला?”

मी खालून ओरडत होतो आणि माडाला मिठी मारून बसलेला माझा मेव्हणा सुंदरेश वर कर्णा आवळत होता.

“भावजी, कायला इतकं ओरडताय? मज दिसतंय ना सगळं.”

“दिसतंय तर बांध की नीट!”

त्याची काही चूक नव्हती. माझंच डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. समोर दिसेल त्याच्यावर मी खेकसत होतो आणि तो बिचारा माडावर असल्यामुळे सगळ्यात आधी दिसत होता.

बारा वर्षांनी येणाऱ्या महामहाच्या स्नानमेळ्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. कुंभकोणमला माझी ‘व्यासराज सौंड सर्व्हिस’ होती. अँप्लिफायर, दोन कर्णे, तबकडी फिरवायचं यंत्र आणि पेटीभर तबकड्या. लग्न, कान टोचणं, जत्रा, सभा, जिथं बोलावतील तिथं जायचं. गावात सगळे मला रायर म्हणत. आम्ही तंजावरकडचे मराठे लोक, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. त्या दिवशी नाचियार्कोविलला समयांचे मोठे व्यापारी जानकीराम यांच्या मुलीचं लग्न होतं. बसच्या टपावर सामान चढवलं आणि बस सुटायला अवकाश होता म्हणून कॉफी क्लबात शिरलो. तिथल्या पेपरात, दंतमंजनाच्या जाहिरातीखाली दोन ओळी होत्या. पूर्वीच्या गायिका एस. अभयांबाळ मद्रासेत वारल्या. बस्स, एवढंच.

“अभयांबाळ गेली हो!” मी क्लबाच्या मालकाला म्हणालो.

“अय्यो! म्हणजे आपल्या पद्मनाभची मावशी?”

त्याला भलतीच अभयांबाळ आठवली होती. कॉफी तशीच टाकून मी उठलो.

अभयांबाळ कोण, हे लोकांना सांगावं लागतं याचाच मला संताप येतो. लढाईच्या आधी ज्याच्या ज्याच्या घरी फोनोग्राफ होता, त्याच्या घरी ती होती. सिनेमानं सगळी गाणी गिळायच्या आधी कंपन्या साधी, सुटी गाणी काढत. सुरू होऊन तीन मिनिटांत संपणारी. तिचं सगळ्यांत गाजलेलं गाणं म्हणजे रंगूनचं. नवरा बोटीनं रंगूनला निघालाय आणि बायको त्याची पेटी भरतेय. धोतरं कुठं ठेवली, लोणच्याची बरणी कशात गुंडाळली, तेच सांगत राहते. ‘जाऊ नका’ असं अख्ख्या गाण्यात एकदाही म्हणत नाही. आवाज म्हणाल तर फार गोड नव्हता. किंचित खरखरीत, झोपेतून उठलेली बाई बोलते तसा. पण शेवटच्या ओळीला ती सूर वर चढवणार असं आपल्याला वाटतं, आपण कान देऊन बसतो, आणि ही बाई ओळ अर्ध्यात सोडून फक्त श्वास घेते. तो श्वास तबकडीत ऐकू येतो. ज्यानं तो राहू दिला, त्याच्या पायावर मी डोकं ठेवीन. आताच्या गायिकांना इतकं गोड गायला शिकवलंय की पेटी भरणारी बाई आणि झोपाळ्यावरची बाई यांत काही फरकच उरत नाही!

असं गाणं माझ्या पेटीत होतं आणि माझ्याकडे कर्णे होते. पण मला ते लावता येत नव्हतं, कारण गाणं होतं मुखारीत.

मुखारी म्हणजे रडका राग, असं आमच्याकडे सगळ्यांनी ठरवून टाकलंय. लग्नात तो चालत नाही. बारशात नाही, डोहाळजेवणात तर तोंडातूनही काढायचा नाही. जत्रेत देवाची गाणी, सभेत पक्षाची गाणी. कुणी मेलं तर तिथं मुखारी चालली असती, पण मयताला सौंड सर्व्हिस कोण बोलावतो? महामहात लाखो माणूस आलं होतं. तिथं एकदा लावू म्हणून तबकडी हातात घेतली, तर हरवलेल्या म्हाताऱ्यांची नावं पुकारता पुकारता माझाच घसा बसला. घरी बायकोसमोर, वत्सलासमोर लावायला गेलो तर ती म्हणायची, “दिवा लावायची वेळ झाली हो, अत्तां नको. मज आवडत नाही असं नोहे. पण अत्तां नको.”

“मग केव्हां?”

“केव्हां तरी!”

या ‘केव्हां तरी’वर माझी वर्षं गेली. लोकांना आवडत नाही असं असतं, तर मी गप्प बसलो असतो. पण लोकांना ते आवडत होतं आणि तरी ऐकायचं नव्हतं, हे मला सोसवत नव्हतं. आणि आता ती बाई मेली होती. आज माझ्या कर्ण्यातून ती गायली नाही, तर ही सौंड सर्व्हिस मी चालवतो कशाला, असं मला बसमध्ये सारखं वाटत होतं.

जानकीरामांनी मला माजघराशेजारची खोली दिली होती. एका कोपऱ्यात केळीच्या पानांचा ढीग, दुसऱ्यात माझं यंत्र आणि मध्ये मेळवाल्यांची बसायची चटई. मेळवाले म्हणजे नादस्वरमची लांब सनई आणि तविलचा ढोल वाजवणारे. त्यांचं आणि माझं हाडवैर. तविलवाला त्यागराज बोटांना कडक टोप्या चढवत बसला होता. मला बघताच म्हणाला, “आले का भोंगेवाले रायर! आता आमचं तविल ऐकायला कोण येणार?”

“तुझं तविल ऐकायला यावं लागत नाही, ते पार चोळपुरम गावात घरबसल्या ऐकू जातं.”

एवढ्यात जानकीराम आले. रेशमी धोतर, घामाघूम चेहरा. मी पुढं झालो आणि जन्मभर लग्नघरांत वावरून जी चूक नवशिक्यानंही केली नसती, ती केली.

“अण्णा, मुहूर्त झाल्यावर एक जुनी तबकडी लावू का? फार मोठी गायिका. काल-परवाच वारली.”

जानकीरामांचा चेहरा उतरला. “रायरे! बोहल्याला अजून फुलं लावतायत आणि तुम्ही माझ्या घरात मरणाची बातमी सांगता? आधी विहिरीवर जाऊन तोंड धुऊन या!”

“चुकलं अण्णा, पण गाणं फक्त…”

“सिनेमाची लावा. जावयाला सिनेमाची आवडतात. दुसरं काही लावलंत तर कर्ण्यासकट गावाबाहेर काढीन.”

मी खरोखर विहिरीवर जाऊन तोंड धुतलं. काय करणार! त्यागराज खो खो हसत होता. मी परत आलो आणि सिनेमाची गाणी लावायला सुरुवात केली. एका तबकडीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी. जावईबापू बोहल्यावर मान डोलावत होते आणि माझ्या तोंडाला कडूशार चव आली होती.

मुहूर्त झाला. नवरीच्या गळ्यात ताली बांधली, अक्षता पडल्या, मेळ दणदणून वाजला आणि थांबला. लोक आशीर्वाद द्यायला रांगेत उभे राहिले. अर्धे पानांवर बसायला पळाले. मला वाटलं, आता काय राहिलंय? मंगल जे व्हायचं ते होऊन गेलं. सिनेमाची तबकडी संपली आणि मी कापडात गुंडाळलेली अभयांबाळ बाहेर काढली.

सुंदरेशनं माझं मनगट धरलं. “भावजी, नको.”

“सोड.”

“अक्का मजला बोलेल.”

“तुझ्या अक्काला मी बघतो. सोड म्हणतो ना!”

सुरुवातीच्या व्हायोलिनकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मी दारात येऊन उभा राहिलो. आणि मग नाचियार्कोविलच्या कौलांवरून तो आवाज निघाला. पहिलीच ओळ, पेटी उघडल्याची. विड्याचं तबक घेऊन चाललेली एक बाई जागच्या जागी थांबली. समोरच्या ओट्यावर समईचा दांडा घासत बसलेल्या म्हाताऱ्या कारागिरानं कानस खाली ठेवली आणि वर माडाकडे बघितलं. ऐकलं! देवाशपथ सांगतो, त्यांनी ऐकलं! माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात वराची आजी उभी राहिली आणि तिचं बोट वर गेलं. “गेट्टी मेळम! गेट्टी मेळम!”

ही आमच्याकडची रीतच आहे. मुहूर्ताच्या आसपास शिंक, रडणं, वाईट शब्द, काहीही अशुभ कानावर येणार असं वाटलं की कुणीतरी बोट वर करतं आणि मेळवाले जीव खाऊन वाजवतात. अशुभ ऐकूच जाऊ द्यायचं नाही. त्यागराजानं तविलवर अशी काही थाप मारली की मांडवाचा खांब हादरला. वर माडावर अभयांबाळ गात होती आणि खाली कुणालाही ती ऐकू येत नव्हती. तबकवाली बाई लगबगीनं आत गेली. कारागिरानं कानस उचलली.

जानकीराम धावत आले आणि त्यांनीच आवाजाचं बटण बंद केलं. “उद्या माझ्या मुलीचं काही बरंवाईट झालं तर तुम्ही येणार का निस्तरायला? सांगून कळत नाही? जेवा आणि चालते व्हा!”

ते गेले. बाहेर मेळही थांबला. मी भिंतीला टेकून बसलो. अपमानाचं मला काही वाटलं नाही, त्याची सवय असते. पण ती गेली त्या आठवड्यात, माझ्याच हातून, माझ्याच कर्ण्यातून निघालेला तिचा आवाज असा बुक्के मारून दडपला गेला, हे मला सहन होईना.

त्यागराज तविल गळ्यात घेऊन आत आला, घाम पुसत. मी त्याच्या अंगावर गेलो. “झालं समाधान? आजच मेल्याचं कळलं तिचं आणि आजच तू तिला परत मारलंस!”

“बोट वर झालं की हात थांबत नाहीत रायरे. धंदा आहे.” मग म्हणाला, “आधी माझं लक्ष नव्हतं, मग तविलखाली काही ऐकू आलं नाही. कोण होती?”

“अभयांबाळ.”

“रंगूनवाली? ती गेली?”

मी मान हलवली. तो खाली बसला. आणि त्यानं मान वाकडी करून कान दिला. “रायरे, तुमचा सेट बंद आहे ना?”

“बंद आहे.”

“मग हे काय?”

मी बघितलं तर तबकडी फिरतच होती. पिकअप, म्हणजे सुईचा दांडा, उचलायचं माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. कर्ण्यात आवाज जात नव्हता, पण खाचेत घासणारी सुई आपल्यापुरती गात होती. डासाएवढा आवाज, पण शब्दन् शब्द कळत होता. लोणच्याची बरणी गुंडाळून झाली होती.

मी पिकअप उचललं. जुनी सुई काढून टाकली, नवी बसवली आणि गाणं पहिल्यापासून लावलं. बटणाला हात लावला नाही. आम्ही तिघं तबकडीवर डोकी वाकवून बसलो. त्यागराजाच्या मांडीवरचं तविल जरा हललं की घुमत होतं. त्यानं बोटांच्या टोप्या एकेक करून काढल्या, पानांच्या ढिगावर ठेवल्या आणि दोन्ही तळहात दोन्हीकडच्या चामड्यांवर दाबून धरले.

बाहेरून जानकीरामांचा आवाज आला, “रायरे! गाणी का बंद? सेट बिघडला काय?”

“हो,” मी म्हणालो. “बिघडलाय. थोडा वेळ लागेल.”

सुंदरेशनं उठून दार लोटून घेतलं.