पंपावरचा मामा

लहानपणी मामाशी पत्ते खेळताना मी कधीच हरले नाही. शाळेत मैत्रिणींनी पहिल्यांदा हरवलं, तेव्हा पानं भिरकावून घरी आले आणि त्याला धारेवर धरलं. "मुद्दाम हरायचास ना?" तर म्हणाला, "तू रडायला लागलीस की मला घास गिळवत नाही." नाकावर राग घेऊन फिरणाऱ्या भाचीला त्यानं तळहाताच्या फोडासारखं जपलं, ते हे असं.

पाणीपुरवठ्याच्या पंपावरून तो निवृत्त झाल्यावर मीच त्याला आमच्या प्रयोगशाळेत आणलं. आम्ही एक जेल बनवत होतो. दुर्बिणीची नळी पोटात घालून उपचार करताना कधी रक्तवाहिनी फुटते, डॉक्टरांना लाल रंगाशिवाय काही दिसत नाही. अशा वेळी त्याच नळीतून हे जेल सोडायचं. ओल्या जागेला ते चिकटतं आणि भोक बुजवतं. झिरपणाऱ्या रक्तावर ते चालतं हे आधीच सिद्ध झालं होतं. उसळत्या धारेची परीक्षा मात्र आमच्या पंपावरच झाली. रबराचं पोट, त्यात एक भोक, आणि मागून दाबानं येणारं दाट लाल पाणी. माझे डोळे पडद्यावर असत, हात सिरिंजवर. दाबाची नोंद ठेवणारं यंत्र बिघडलं होतं. मामा असताना यंत्र कशाला, असं मीच म्हटलं होतं. तो काटा बघून आकडा मोठ्यानं सांगायचा, मी लिहायचे. जेल एकदाही सुटलं नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या माणसावर वेळ आली. बसचा ड्रायव्हर होता, पोटातल्या जखमेतून रक्त जात होतं. पोट फाडायची त्याला धास्ती, म्हणून आमच्या जेलला तो खुशीनं तयार झाला होता. बायको बाहेरच्या बाकावर त्याचे बूट मांडीवर घेऊन बसली होती. मी आणि मामा आत, भिंतीला चिकटून उभे. जेलचा डबा मामाच्या हातात.

डॉक्टरबाईंनी जखमेवर क्लिप लावली. ती निसटली आणि पडदा लाल झाला. त्यांनी मागं न बघता हात पुढं केला. "जेल द्या."

मामा पडद्याकडे बघतच राहिला. "एवढ्या जोरात येतं होय?"

"आपण दाब एवढाच ठेवायचो की. दे डबा."

"छे गं. एवढ्यावर तुझं जेल टिकलं असतं का?"

मला वाटलं, थट्टा करतोय. त्याला वेळकाळाचं भान नसतंच. "म्हणजे?"

"सुटायला लागलं की मी कॉक फिरवून दाब जरा कमी करायचो. तेवढ्यापुरताच. चिकटलं की परत होता तिथं."

"आणि आकडा?"

"आकडा पहिलाच सांगायचो. तुझं तोंड एवढंसं व्हायचं गं."

हे तो मायेनं सांगत होता. एवढी वर्षं मी जे जे लिहिलं होतं ते सगळं मामाच्या मायेनं लिहिलेलं होतं, आणि समोर एका माणसाचं रक्त उसळत होतं.

"जेल," डॉक्टरबाई पुन्हा म्हणाल्या.

"ते धारेवर टिकणार नाही," मी म्हटलं.

"सकाळी तुम्हीच म्हणालात टिकतं."

"सकाळी मला माहीत नव्हतं."

त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. तसं पुन्हा कुणी माझ्याकडे बघू नये. मग त्यांनी सर्जनला बोलावलं आणि ड्रायव्हरला पोट उघडायला घाईघाईनं वर नेलं. बायको बूट छातीशी धरून उठली आणि मलाच विचारू लागली, "तुमचं औषध लावलं ना?"

"नाही लावलं."

"का हो?"

मामा डब्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी कळलं, टाके घातले, ड्रायव्हर वाचला. मी मामाला घेऊन तडक प्रयोगशाळेत गेले. पंप लावला, कॉक पूर्ण उघडायला सांगितला. जेल सोडलं. ते चिकटलं, आणि क्षणभर मला खुळी आशा वाटली. मग त्याची कड उचलली गेली.

मामाचा हात आपसूक कॉककडे गेला. मी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे, मामा."

जेलचा सगळा गोळा एकदम सुटला, धारेत गरगरला आणि खालच्या परातीत जाऊन पडला. लाल पाणी परातीतून ओसंडून आमच्या चपलांपर्यंत आलं. पंप चालूच होता.

"हे त्याच्या पोटात झालं असतं?" मामानं विचारलं.

"हो."

मी त्याचं मनगट सोडलं आणि पेन उचललं. "काटा वाच."

त्यानं घसा खाकरला आणि आकडा वाचला. मी वाकून बघितलं, खरा होता. लिहिता लिहिता मला रडू कोसळलं. मामा बाजूलाच उभा होता. त्यानं कॉकला हात लावला नाही.