रिलीव्हर येईपर्यंत

तास = ०
जोपर्यंत रिलीव्हर आला नाही:
  "थांबलो" असं लिही
  तासात एक मिळव

नॉर्मंड लव्हॅसरने या चार ओळी संगणकाला दिल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर उत्तर उतरू लागलं. थांबलो. थांबलो. थांबलो. पडदा भरला, वरच्या ओळी वर निघून गेल्या, खालून नवीन येतच राहिल्या.

"पोरी, तुझं मशीन अडकलं बघ."

ॲबी कीझर त्याच्या खांद्यावरून वाकली. वय सव्वीस, वाचनालयाच्या तळघरात दर शुक्रवारी हा वर्ग घेणारी. "मशीन नाही अडकलं, नॉर्म. तुम्ही सांगितलंत तेच करतंय."

"इतकं आज्ञाधारक पोर आमच्या घराण्यात जन्मलं नाही," शेजारच्या खुर्चीतून रोझेर पिनेट म्हणाला. दोघेचौघे हसले. नॉर्म हसला नाही.

थांबलो.

वर्गात अकरा जण, सगळे बंद पडलेल्या कागद गिरणीतले. संगणकाला हात लावायला घाबरणारी माणसं. म्हणून ॲबीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की इथे फक्त घरातली गणितं करायची. शनिवारी चर्चमध्ये ऐंशी माणसं जेवायला आली तर बीन्स किती भिजवायचे? विसाला चार पौंड, तर ऐंशीला? "हे तुम्ही मनात करता ना? तेच आता एकेक पायरी करून संगणकाला सांगायचं. तो बीन्स खात नाही, त्याला काही ठाऊक नाही. सगळं सांगावं लागतं."

आज सहावा शुक्रवार, परीक्षेचा. आपल्या रोजच्या जगण्यातला एक हिशोब घ्यायचा, तो चालला पाहिजे आणि आपला आपण थांबला पाहिजे. जमलं त्याला सरकारी खर्चाने आठ महिन्यांचा पुढचा वर्ग, इथेच, गावात. नाही जमलं त्याचं नाव कटलं.

नॉर्मचं नाव कटलं तर गाव सोडून कनेक्टिकटला, थोरल्या मुलाच्या घरी, तळमजल्याच्या खोलीत. जनीनने, त्याच्या बायकोने, दुकानातून रिकामी खोकी आणून ठेवलीच होती. सकाळी कॉफी ओतताना ती एवढंच म्हणाली होती, "तू सांगशील तसं. पण संध्याकाळपर्यंत सांग. थोरल्याला खोली रंगवायची आहे."

तीन वाजता वर्ग सुटणार. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

थांबलो.

ॲबीने दोन बटणं एकदम दाबून त्या ओळी बंद केल्या. "रोझेरचं बघा," ती म्हणाली.

रोझेरने सरपणाचा हिशोब केला होता. ऑक्टोबरात लाकडाचे बारा ढीग. दर दोन आठवड्यांनी एक वजा. ढीग शून्य झाले की थांब.

"ढीग कमी कमी होत जातात," ॲबी म्हणाली, "म्हणून कधीतरी शून्यावर येतात. तुमच्यात तास वाढतात, पण तुम्ही वाट बघताय रिलीव्हरची. तो येतो, असं कुठल्या ओळीत लिहिलंय?"

नॉर्मने चारही ओळी बोटाने वाचल्या. "नाही लिहिलं."

"मग तो कसा येईल?"

"ते मला कसं ठाऊक असणार? त्याची गाडी बर्फात अडकते. त्याचं पोर आजारी पडतं. कधी त्याची आदल्या रात्रीची उतरलेली नसते."

"ए, माझं नाव घेऊ नकोस," रोझेर म्हणाला.

गिरणीचा हा नियम कुणी भिंतीवर लावलेला नव्हता, पण लहान पोरालाही माहीत होता. मशीनवरचा माणूस आपली जागा रिकामी सोडत नाही. पुढच्या पाळीचा गडी, म्हणजे रिलीव्हर, येतो, डबा फळीवर ठेवतो, "आहे मी" म्हणतो, मगच पहिल्याने निघायचं. आला नाही, तर दुसऱ्या पाळीलाही तोच उभा. नॉर्मने एकतीस वर्षं असा पाय अडकवून घेतला होता. थोरल्याच्या बाप्तिस्म्याला अडकला. सासऱ्याच्या शेवटच्या दिवशी अडकला. जनीनने ताटावर ताट झाकून ठेवावं आणि कुणी विचारलं तर "रिलीव्हर नाही आला" म्हणावं. त्यापुढे गावात कुणी काही विचारत नसे.

थांबलो.

"ठीक आहे," ॲबी खुर्ची ओढून बसली. "तो कधी येईल ते आपल्याला माहीत नाही. मग दुसरा रस्ता काढू. नाहीच आला, तर माणूस किती तासांनी निघतो?"

"सोळा. करारात आहे. त्यापुढे फोरमनने सोडायलाच पाहिजे."

"मग लिहा की. तास सोळा झाले, तर घरी."

नॉर्मने बोट सोळातल्या एकाच्या आकड्यावर नेलं आणि तिथेच ठेवलं.

"काय झालं?"

"गिरणीच्या शेवटच्या दिवशी मी पहिल्या पाळीला होतो," तो म्हणाला. "मशीन बाराला थांबवलं. पाळी सुटायचे तीन वाजले. दुसरी पाळी नव्हतीच, ते मला माहीत होतं. तरी मी स्टुलावर बसून राहिलो. पाचला पहारेकरी दिवे घालवायला आला, तेव्हा तो म्हणाला, नॉर्म, अरे घरी जा."

मागे कुणाची तरी खुर्ची करकरली.

"आठ लिही," रोझेर म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "पाळी आठाची असते."

"आठ तासांनी निघालो तर मशीनवर कोण? कागद फाटला तर?"

"कुठला कागद, नॉर्म?"

नॉर्मने त्याच्याकडे पाहिलं. रोझेर नजर वळवून आपल्या सरपणाकडे बघायला लागला.

दोन वाजून चाळीस.

तास = ०
जोपर्यंत तास आठपेक्षा कमी:
  "थांबलो" असं लिही
  तासात एक मिळव
"घरी" असं लिही

रिलीव्हरची ओळ पुसायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. बटण एकदा दाबलं की एकच अक्षर जातं, आणि त्याने एकेक करूनच घालवलं. मग चालवून पाहिलं. आठ वेळा थांबलो. खाली घरी.

तो पडद्याकडे बघत राहिला. "आता पुढे काय होतं?"

"काही नाही. संपलं."

"एवढंच?"

"एवढंच. पास झालात, नॉर्म." ॲबीने यादी पुढे ओढली. "फक्त जपून ठेवा, म्हणजे सोमवारी मला वर पाठवता येईल. संगणक त्याचं नाव विचारेल. काहीही द्या. रोझेरने 'सरपण' दिलंय."

पडद्यावर एक रिकामी चौकट उघडली. एकतीस वर्षं आपल्या मशीनवरून निघणाऱ्या कागदाच्या प्रत्येक रिळाच्या कडेला नॉर्म खडूने आपला हजेरी क्रमांक लिहीत आला होता, म्हणजे पुढे कागदात खोट निघाली तर कुणाला विचारायचं ते कळावं. चौकटीतली उभी रेघ लुकलुकत होती. विचार करायच्या आधीच बोटं चालली.

४१८

ॲबीने तो आकडा वाचला. काय आहे हे, असं विचारायला तिने तोंड उघडलं आणि रोझेरचा चेहरा बघून मिटलं. यादीत लव्हॅसर, नॉर्मंड या नावापुढे तिने खूण केली.

नॉर्मने दोन्ही हात मांडीवर पुसले. ते स्वच्छच होते.