अस्माचे तीस रोजे

ऐक ना कीर्ती, मध्ये काही बोलू नकोस, नुसतं ऐक. अस्मानेच सांगितलंय की मैत्रिणींना सांग म्हणून, नाहीतर यावेळी मी तोंड शिवूनच ठेवलं होतं.

तुला माहितीये ना, आमच्यात पाळीच्या दिवसांत रोजा नसतो. ते पाच-सहा रोजे नंतर भरून काढायचे. त्यामुळे ईद झाली की घरातल्या बायकांचं सुरू होतं, तुझे किती राहिले, माझे सहा, चल सोमवारपासून एकत्र धरू. तर या ईदला आम्ही सगळे चाचीकडे, म्हणजे अस्माच्या घरी जमलो होतो, आणि चाची जो येईल त्याला सांगतेय, आमच्या अस्माचा एकही राहिला नाही, पूर्ण तीस. फहादची अम्मी पण उरणहून आलेली. फहाद म्हणजे अस्माचा होणारा नवरा गं, न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात आहे तो, जूनमध्ये निकाह. त्याच्या अम्मीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, अशी सून नशिबाने मिळते.

मला वाटलं, हिने पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असणार. तुमच्यात नाही का गौरीला घेतात, तशी. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"कुठली गोळी गं? मला पण नाव दे, माझे सात राहिलेत."

"गोळी नाही घेतली."

"मग?"

"आलीच नाही."

"या महिन्यात?"

"नोव्हेंबरपासून."

तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलं. बाहेर मार्चचं ऊन, सगळ्या घामाघूम, आणि ही बाई शाल पांघरून शीरखुर्म्याची वाटी धरून उभी. चेहरा सुजल्यासारखा. सकाळपासून दोनदा झोपली होती. आम्ही सगळे म्हणत होतो, रोज्यांनी थकलीये.

म्हटलं, "चाचीला सांग."

"वेडी आहेस का? आत्ता सगळ्यांसमोर तीस-तीस करत होती ती. आता सांगू की तीस झाले कारण माझ्यात काहीतरी बिघडलंय? फहादची अम्मी काय समजेल? एक तर भलतंच काहीतरी, नाहीतर हिला मूलच होणार नाही. कसम घे, फिजा. कुणाला बोलणार नाहीस."

घेतली. चार दिवस पाळली पण. पाचव्या दिवशी मी तिची वेणी घालत होते आणि कंगव्यात एवढे केस आले की मी ते मुठीत लपवले. तशीच उठून आत गेले, माहनूर भाभीकडे. अस्माच्या भावाची बायको. ती मासे तळत होती. मी सगळं भडाभडा सांगून टाकलं आणि वाट बघत बसले, आता ही ओरडेल. तिने तव्यातला तुकडा उलटला.

"आवाज पण जाड झालाय तिचा. मी सर्दी समजत होते. आमचा माज पोटात होता तेव्हा माझा थायरॉइड निघाला होता, मला पण अशीच थंडी वाजायची. उद्या कपड्यांची मापं द्यायला जायचंय ना? तिला तेवढंच सांग."

दुसऱ्या दिवशी रिक्षा टेलरकडे न जाता खांदा कॉलनीत डॉक्टर मॅडमच्या दारात थांबली. अस्माने माझ्याकडे बघितलं फक्त.

मॅडमनी आधी प्रेग्नन्सी टेस्ट लिहिली. अस्माच्या डोळ्यांत पाणीच आलं. भाभी म्हणाली, "अगं, सगळ्यांना लावतात. मला तर माज पोटात लाथा मारत होता तेव्हा पण विचारलं होतं, टेस्ट केलीये का." तेव्हा कुठे ती जरा हसली. मग रक्त दिलं. दोन दिवसांनी रिपोर्ट, थायरॉइडचं टीएसएच खूप वाढलेलं. मॅडम म्हणाल्या, गळ्यातली ही ग्रंथी सुस्त पडली की सगळं शरीर सुस्तावतं, पाळीसुद्धा. दरवेळी थायरॉइडच असतो असं नाही, म्हणून बाकीचे हार्मोन्स पण तपासले, ते ठीक आहेत. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, त्यानंतर पाऊण तास चहा नाही, दीड-दोन महिन्यांनी परत रक्त. मुलाबाळांचं भाभीनेच विचारलं, अस्माची हिंमत होत नव्हती. मॅडम म्हणाल्या, गोळी नीट घेतली तर यामुळे अडायचं काही कारण नाही.

घरी आल्यावर अस्माने चाचीला सांगितलं, आणि मग स्वतःच उरणला फोन लावला. स्पीकरवर. आम्ही तिघी पलंगावर चिकटून बसलेल्या. तिने सगळं सांगितलं, तीस रोज्यांचं पण. पलीकडून त्यांच्या कुकरच्या दोन शिट्ट्या ऐकू आल्या आम्हाला.

मग फहादची अम्मी म्हणाली, "मग चहा किती वाजता घेशील?"

"साडेसातला."

"आमच्याकडे सातला होतो. तुझा वेगळा ठेवू."

बस, एवढंच. रोज्यांचं नावसुद्धा काढलं नाही.

आता तीन आठवडे झालेत. पाळी अजून आली नाही, मॅडम म्हणाल्या वेळ लागतो, पण शाल कपाटात गेलीये. निकाह जूनमध्येच. सगळं छान आहे गं. फक्त अस्मा म्हणते, मी सांगणारच होते. मी म्हणते, कधी? तर म्हणते, सांगितलं असतं. बोलते माझ्याशी, हसते पण. पण फहादचा फोन आला ना, की गॅलरीत जाते. आधी माझ्यासमोरच बोलायची.

कसम तर मी मोडलीच. खरं सांग, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?